तेजीतली घसरण

४ जून २०२४ रोजी लोकसभेचे निकाल लागत असताना निफ्टी कोसळला आणि जवळपास सहा टक्के खाली बंद झाला. ७ जूनला तो पुन्हा ३ जूनच्या बंद भावाच्या वर होता. पण अशी झटपट भरपाई क्वचितच होते. ऑक्टोबर २०२१ मधल्या १८,६०० वरून निफ्टी जून २०२२ मध्ये १५,२०० च्या खाली आला, आणि जुना उच्चांक ओलांडायला नोव्हेंबर उजाडला. दोन्ही वेळी मोठी तेजी शाबूत होती.

त्यामुळे घसरण सुरू असताना मी खरेदी करत नाही. बाजार साडेतीनला बंद झाला की दिवसाचा चार्ट उघडतो. शेअर दोनशे दिवसांच्या सरासरीच्या वर आहे का आणि ती सरासरी चढती आहे का, हे आधी बघायचं. मग लाल कॅन्डल. त्या आखूड होत जातात, व्हॉल्यूम आटतं, विकणारे दमल्याचं कळतं. तरीही थांबायचं. एखाद्या दिवशी भाव आदल्या दिवसाच्या उच्चांकाच्या वर बंद झाला, की दुसऱ्या दिवशी घ्यायचा. अगदी तळाचा भाव यात हुकतो. तो हुकू द्यावा.

किती शेअर घ्यायचे, हे स्टॉपलॉस (ज्या भावाला तोटा घेऊन बाहेर पडायचं तो भाव) ठरवतो. समजा भांडवल पाच लाख आहे आणि एका सौद्यात त्यातला एक टक्का, म्हणजे पाच हजारच गमवायची तयारी आहे. भाव ८४०, घसरणीचा तळ ८०२, स्टॉपलॉस ८००. शेअरमागे जोखीम चाळीस रुपये, म्हणून १२५ शेअर. हा हिशेब ऑर्डर टाकण्याआधी वहीत लिहायचा. भाव पडायला लागला की डोकं वेगळंच गणित मांडतं.

सगळ्यात जास्त पैसा बुडतो तो ‘स्वस्तात मिळतोय’ म्हणून अ‍ॅव्हरेज करण्यात. येस बँक ऑगस्ट २०१८ मध्ये चारशेच्या आसपास होती. तिथून पडताना प्रत्येक टप्प्यावर ती स्वस्त वाटत होती. मार्च २०२० मध्ये तिच्यावर निर्बंध आले. दोनशे दिवसांची सरासरी मात्र तिने त्याच्या कितीतरी आधी तोडली होती.

स्टॉपलॉस लागला तर शेअर विका, आणि तो खाली सरकवू नका. तेजी खरी असेल तर खरेदीची संधी पुन्हा येते.