विश्लेषण : पाखरांचे संत फ्रान्सिस शांततेचे संत कसे झाले?

पाखरांना प्रवचन देणारे, हिंस्र लांडग्याला माणसाळवणारे साधू ही असिसीच्या संत फ्रान्सिस यांची जगभरची ओळख. ४ ऑक्टोबर हा त्यांचा सण जागतिक प्राणी दिन म्हणूनही पाळला जातो. पाखरांच्या या गोष्टी गोड आहेत. पण मला फ्रान्सिस भावतात ते दुसऱ्याच कारणासाठी. त्यांचे निसर्गप्रेम आणि त्यांची शांतता एकाच मुळातून आली : ‘माझे’ म्हणणे सोडण्यातून.

फ्रान्सिस कोण होते?

इटलीतील असिसी येथे ११८१-८२ च्या सुमारास एका श्रीमंत कापड व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. तरुणपणी ते शेजारच्या पेरुजिया शहराविरुद्ध लढले आणि सुमारे वर्षभर कैदेत राहिले. पुढे आजारपण आणि कुष्ठरुग्णांची सेवा यांनी ते बदलले. पडक्या चर्चच्या डागडुजीसाठी त्यांनी वडिलांचे कापड विकले, तेव्हा वाद बिशपपुढे गेला. फ्रान्सिस यांनी पैसे परत केलेच, अंगावरचे कपडेही उतरवून वडिलांच्या हवाली केले.

मालमत्तेचा शांततेशी काय संबंध?

काहीच जवळ न ठेवता जगणे फार कठीण, असे बिशप त्यांना म्हणाले. मालमत्ता ठेवली तर ती राखायला शस्त्रेही लागतील, अशा आशयाचे उत्तर फ्रान्सिस यांनी दिल्याचे जुन्या चरित्रात नोंदले आहे. १२१९ मध्ये पाचव्या धर्मयुद्धाच्या काळात ते इजिप्तमध्ये निःशस्त्र शत्रूच्या छावणीत गेले आणि सुलतान अल-कामिल यांना भेटले. युद्ध थांबले नाही, पण ते सुखरूप परतले. मुस्लिमांमध्ये राहताना वाद न घालता सेवक होऊन राहावे, असा एक मार्ग त्यांनी पुढे आपल्या संघाच्या नियमांत सांगितला.

निसर्गाशी नाते कसे?

१२२५ मध्ये, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना, त्यांनी लॅटिनऐवजी आपल्या बोलीत एक सृष्टिगीत रचले. त्यात सूर्य, वारा, अग्नी हे भाऊ. चंद्र आणि पाणी या बहिणी. भावंडांवर मालकी सांगता येत नाही. असिसीचे बिशप आणि नगरप्रमुख यांच्यात भांडण जुंपले, तेव्हा याच गीतात त्यांनी क्षमेचे कडवे जोडले. ३ ऑक्टोबर १२२६ रोजी त्यांचे निधन झाले.

‘शांतीचे साधन कर’ ही प्रार्थना त्यांचीच का?

नाही. ती प्रथम १९१२ मध्ये एका फ्रेंच मासिकात छापली गेली. पण त्यांच्या नावाला ती शोभते, म्हणून चिकटली.

आज त्यांचे काय उरले?

१९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना पर्यावरणाचे आश्रयदाते संत घोषित केले. २०१५ च्या पोप फ्रान्सिस यांच्या पर्यावरणविषयक परिपत्रकाचे नावही त्या सृष्टिगीतातूनच आले. मात्र फ्रान्सिस यांच्या संघातच पुढे गरिबीच्या नियमावरून फूट पडली. जुन्या गोव्यात त्यांच्या नावाचे चर्च आहे. तिथली मुख्य वेदी सोनेरी मुलाम्याने झळकते. संतांचा पुतळा बागेत बसवणे सोपे. पाणी, जमीन, जंगल ‘आमचेच’ म्हणणे सोडणे अवघड. आठशे वर्षांपूर्वी ते जितके अवघड होते, तितकेच आजही आहे.