हाताविना कोड : बोलून संगणकाची आज्ञावली कशी लिहितात?

नवी दिल्ली : मनगटाचे जुनाट दुखणे, पक्षाघात, स्नायूंचा क्षय किंवा अपघातात गमावलेला हात, कारण कोणतेही असो, कळफलकावर बोटे चालेनाशी झाली की संगणक अभियंत्याची उपजीविकाच धोक्यात येते. अशा अभियंत्यांना बोलून कोड लिहिता यावा, यासाठीची साधने आज उपलब्ध आहेत आणि जगभरातील काही व्यावसायिक त्यांच्यावर आपले संपूर्ण काम करतात. भारतात मात्र या साधनांची गाठ परीक्षा आणि नोकरभरतीच्या नियमांशी पडते.

मोबाइलवर बोलून संदेश लिहिणे आता नवलाचे राहिलेले नाही. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीसह आठ भारतीय भाषांसाठी ही सोय खुली केली. त्यामुळे कोडही असाच सांगता येत असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वाणी ओळखणारी प्रणाली एका शब्दानंतर कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक आहे, याचा अंदाज बांधत पुढे जाते. संभाषणात हा अंदाज बहुधा बरोबर ठरतो. कोडमध्ये कंस, अर्धविराम, अधोरेषा, मध्येच मोठे होणारे अक्षर आणि कोणत्याही शब्दकोशात नसलेली नावे असतात. तेथे एक चिन्ह चुकले तरी आज्ञावली चालत नाही.

वाणीवरून मजकूर उमटवणारी सॉफ्टवेअर तशी जुनी आहेत. जेम्स आणि जॅनेट बेकर या दाम्पत्याने १९८२ मध्ये अमेरिकेत ‘ड्रॅगन सिस्टिम्स’ ही कंपनी स्थापन केली. तिचे १९९० मधील ‘ड्रॅगन डिक्टेट’ वापरताना प्रत्येक शब्दानंतर थांबावे लागे आणि त्याची किंमत ९ हजार डॉलर होती. सलग बोलणे समजणारी आवृत्ती १९९७ मध्ये आली. तिच्यामुळे पत्रे आणि अहवाल सांगणे सुकर झाले, कोड लिहिणाऱ्यांचा प्रश्न मात्र सुटला नाही. पायथन या संगणकभाषेच्या २०१३ मधील अमेरिकेतील परिषदेत टॅव्हिस रड या प्रोग्रॅमरने एक प्रात्यक्षिक सादर केले. हातांच्या दुखण्यामुळे त्यांना टंकलेखन अशक्य झाले होते. ड्रॅगनच्या जोडीला स्वतः घडवलेल्या आखूड शब्दांचा संच वापरून त्यांनी श्रोत्यांसमोर बोलून कोड लिहून दाखवला. ऐकणाऱ्याला तो ध्वनींचा अर्थहीन प्रवाह वाटावा, असे ते बोलणे होते.

पुढील साधने याच दिशेने गेली. त्यांपैकी ‘टॅलन’ हे रायन हायलमन यांनी तयार केलेले सॉफ्टवेअर विशेष प्रसिद्ध आहे. त्याचा पाया म्हणजे स्वतंत्र वर्णमाला. बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही या इंग्रजी अक्षरांच्या नावांचा शेवट एकाच स्वराने होतो, त्यामुळे यंत्राचा गोंधळ उडतो. दूरध्वनीवर नाव सांगताना आपणही ‘बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली’ म्हणतोच. टॅलनमध्ये ‘ए’साठी एअर, ‘बी’साठी बॅट, ‘सी’साठी कॅप, ‘डी’साठी ड्रम असे शब्द आहेत. सैन्यात प्रचलित असलेली ‘अल्फा, ब्राव्हो’ ही वर्णमाला का घेतली नाही, याचे उत्तर घशात आहे. दिवसभरात हजारो वेळा उच्चारायचा शब्द शक्यतो एका झटक्यात संपावा लागतो.

नावे जोडण्याची रीतही गमतीशीर आहे. ‘स्नेक’ म्हणून दोन शब्द उच्चारले, की ते अधोरेषेने जोडून उमटतात. ‘कॅमल’ म्हटले, की शब्द एकमेकांना चिकटतात आणि दुसऱ्याचे पहिले अक्षर उंटाच्या वशिंडासारखे उंच होते. ‘स्लॅप’ म्हणताच नवी ओळ सुरू होते. ओठांनी ‘पॉप’ असा आवाज काढून माऊसची कळ दाबता येते आणि डोळ्यांच्या हालचाली टिपणारे उपकरण जोडल्यास नजरेने पडद्यावरील बाणही हलवता येतो. ही भाषा अंगवळणी पडण्यास आठवडे लागतात. तिला केवळ ‘श्रुतलेखन’ म्हणणे अन्यायाचे होईल.

खरी कसोटी लागते ती लिहिलेला कोड दुरुस्त करताना. प्रोग्रॅमरचा बराच वेळ नवे लिहिण्यापेक्षा जुने वाचण्यात आणि बदलण्यात जातो. हाताने काम करणारा थेट हव्या त्या शब्दावर जातो. बोलणाऱ्याला ‘वर, वर, उजवीकडे’ असे म्हणत बसावे लागले, तर दुपारपर्यंत आवाज बसेल. ‘कर्सरलेस’ या साधनाने यावर सुरेख तोडगा काढला. पडद्यावरील प्रत्येक शब्दाच्या एखाद्या अक्षरावर ते छोटी रंगीत खूण ठेवते. ‘चक ब्लू एअर’ म्हटले, की ‘ए’ अक्षरावर निळी खूण असलेला शब्द नाहीसा होतो. पडद्याच्या कोणत्याही कोपऱ्यातील शब्दाला असे एका दमात गाठता येते.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे या सर्वांची गरज संपली, असे अलीकडे म्हटले जाते. संशोधक आंद्रेई कार्पथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘व्हाइब कोडिंग’ हा शब्दप्रयोग रूढ केला, तेव्हा आपण यंत्राशी बोलूनच काम करतो आणि कळफलकाला क्वचितच हात लावतो, असेही त्यांनी नमूद केले होते. साध्या वाक्यात मागणी करावी आणि कोड तयार मिळावा, ही हातांनी काम करू न शकणाऱ्यांसाठी मोठीच सोय आहे. मात्र यंत्राने दिलेल्या दोनशे ओळींत एक कंस चुकीच्या जागी असेल, तर धडधाकट माणूस हात पुढे करून तो हलवतो. ज्याला ते शक्य नाही, त्याला तेथवर पोहोचण्यासाठी ‘चक ब्लू एअर’सारखीच आज्ञा लागते. सामान्य ग्राहकासाठी बनलेले साधन या वर्गाला पुरेल, हे गृहीत धरणे घाईचे आहे. शिवाय अशी साधने टिकतीलच याची हमी नसते. मॅक संगणकांसाठीचे ड्रॅगन २०१८ मध्ये बंद झाले. गिटहबने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेला बोलून कोड लिहिण्याचा प्रयोगही एप्रिल २०२४ मध्ये गुंडाळण्यात आला.

मराठी भाषकांपुढे आणखी एक पायरी आहे. या साधनांची वाणी-ओळख प्रामुख्याने इंग्रजीवर बेतलेली आहे. पायथनमध्ये एखाद्या चलाला ‘एकूण’ असे देवनागरी नाव देता येते, परंतु भाषेचे मूळ शब्द इंग्रजीच राहतात. टॅलनची आज्ञासूची साध्या मजकूर-फायलींत असते, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. एखादा शब्द आपल्या उच्चारात यंत्राला पटत नसेल, तर त्याजागी दुसरा योजता येतो. टॅलन वाणी संगणकावरच ओळखते, आवाज बाहेरच्या सर्व्हरकडे पाठवत नाही. ग्राहकांची गोपनीय माहिती हाताळणाऱ्या पुणे-बंगळूरुच्या कंपन्यांत मायक्रोफोनला परवानगी मागताना हा मुद्दा उपयोगी पडू शकतो.

कायदा या अभियंत्यांच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार सरकारी आस्थापनांनी दिव्यांग कर्मचाऱ्यांना ‘वाजवी सोयी’ पुरवणे बंधनकारक आहे. लेखनवेळी हात आखडण्याचा विकार असलेल्या नागरी सेवा परीक्षेच्या एका उमेदवाराला लेखनिक नाकारण्यात आला होता. त्याचे दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या निकषात बसत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी त्याच्या बाजूने निकाल दिला आणि त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने अशा उमेदवारांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या.

लेखनिकाच्या मदतीने निबंध लिहून होतो. कोडचे तसे नाही. उमेदवाराने स्वतःचा लेखनिक आणल्यास त्याची शैक्षणिक पात्रता उमेदवारापेक्षा एक पायरी कमी असावी, असे २०१८ च्या सूचनांत म्हटले होते. निबंधासाठी ही अट समजण्याजोगी आहे. कोडच्या प्रश्नात मात्र प्रत्येक कंस आणि ओळीच्या आरंभीची प्रत्येक मोकळी जागा त्या विषयाशी अपरिचित व्यक्तीला तोंडी सांगावी लागते. ऑनलाइन भरती चाचण्यांत देखरेख करणाऱ्या प्रणाली उमेदवाराच्या बोलण्यालाच गैरप्रकाराची खूण मानू शकतात. यावरचा मार्ग फारसा खर्चिक नाही: स्वतंत्र खोली, मायक्रोफोन आणि उमेदवाराने वर्षानुवर्षे घडवलेली आज्ञासूची वापरण्याची मुभा. यांतील पहिल्या दोन गोष्टी केंद्रप्रमुखाच्या पातळीवर जमू शकतात. तिसरीसाठी बाहेरील सॉफ्टवेअर आणि फायली परीक्षेच्या संगणकावर घ्याव्या लागतात, आणि परीक्षांचे नियम सहसा नेमके तेच निषिद्ध ठरवतात.