स्वयंपाकघराचे धुराडे : उभारणीचा खर्च आणि देखभालीचा प्रश्न

खेड्यांतील जुन्या घरांच्या छपरांवर आजही कोठे कोठे सिमेंटच्या नळीचा एखादा तुकडा डोकावताना दिसतो. खाली स्वयंपाकघरात जाऊन पाहावे, तर त्या नळीला जोडलेली चूल केव्हाच मोडलेली असते आणि पाऊस आत येऊ नये म्हणून नळीच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबलेला असतो. शेजारीच तीन दगडांवर किंवा साध्या मातीच्या चुलीवर पाणी तापत असते आणि धूर घरभर पसरलेला असतो. चूल बसविल्याची नोंद कागदोपत्री सापडते. ती किती वर्षे चालली, याची नोंद मात्र सहसा सापडत नाही. घरातील धूर बाहेर काढणाऱ्या कोणत्याही साधनाचा विचार करताना नेमका हाच प्रश्न विचारला पाहिजे.

घरोघरी गॅस पोहोचल्यामुळे हा विषय संपला, असा एक समज आहे. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली व तिच्याखाली दहा कोटींहून अधिक जोडण्या देण्यात आल्या, ही गोष्ट निश्चितच मोठी आहे. तथापि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण देशात ५८.६ टक्के, तर ग्रामीण भागात सुमारे ४३ टक्के होते. महाराष्ट्राची स्थिती यापेक्षा बरी, म्हणजे सुमारे ८० टक्के होती. ज्या घरी सिलिंडर आहे, तेथेही अंघोळीचे पाणी, भाकरी आणि जनावरांचे आंबोण चुलीवरच शिजते. कारण तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्या यांना रोख पैसा मोजावा लागत नाही. या धुराचा भार मुख्यतः चुलीपाशी बसणाऱ्या स्त्रीवर आणि तिच्याजवळ असलेल्या लहान मुलांवर पडतो. मुलांमधील न्यूमोनिया आणि स्त्रियांमधील फुप्फुसांचा जुनाट विकार यांच्याशी त्याचा संबंध प्रस्थापित झालेला आहे.

जुन्या घरात धुराला वाट होती. धाब्याच्या घरात छताला साणे असे, कौलारू घरात कौलांच्या फटींतून आणि भिंत व छप्पर यांमधील मोकळ्या जागेतून धूर निघून जाई. ही व्यवस्था कोणी आखलेली नव्हती व ती पुरेशीही नव्हती, परंतु तिला देखभाल लागत नसे. घराला स्लॅब आला, चोहोबाजूंनी गिलावा झाला आणि या वाटा बंद झाल्या. पक्के घर अनेक बाबतींत सोयीचे. मात्र त्यात चूल पेटवायची असेल तर हवेची सोय मुद्दाम करावी लागते. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार खोलीला ठेवावयाच्या झरोक्या-खिडक्यांचे क्षेत्रफळ उष्ण व कोरड्या हवामानात जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश आणि उष्ण व दमट हवामानात एक षष्ठांश असावे. म्हणजे १० फूट लांब व ८ फूट रुंद स्वयंपाकघराला मराठवाड्यात ८ चौरस फूट, तर कोकणात सुमारे १३ चौरस फूट उघडी जागा हवी. पुष्कळ घरांत ती याच्या निम्मीही नसते.

धूर नळीवाटे बाहेर काढण्याचे प्रयत्न आपल्याकडे बरेच जुने आहेत. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या प्रयोगांतून ‘मगन चूल’ निर्माण झाली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी १९५० च्या दशकाच्या प्रारंभी निर्धूर चुलीचा आराखडा तयार केला. पुढे केंद्र शासनाने १९८३ पासून राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ मध्ये बंद होईपर्यंत देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली बसविण्यात आल्या. चुलीच्या किमतीचा मोठा हिस्सा अनुदानातून येत असे. उद्दिष्ट चुलींच्या संख्येचे होते आणि त्या दृष्टीने काम झालेही.

बसविलेल्या चुलीचे पुढे काय होते, याचा काटेकोर अभ्यास ओडिशात झाला. रेमा हॅना, एस्थर डफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी ४४ गावांतील सुमारे २,६०० कुटुंबांची पाहणी केली. चिठ्ठ्या टाकून काही कुटुंबांना धुराड्याची चूल आधी व काहींना नंतर देण्यात आली आणि चार वर्षांपर्यंत त्यांचा मागोवा घेण्यात आला. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात जाणारा धूर कमी झाल्याचे आढळले. त्यानंतर हा फरक नाहीसा झाला. फुप्फुसांच्या क्षमतेत सुधारणा दिसली नाही आणि इंधनही वाचले नाही. कारण साधे होते. चुली तडकल्या, नळ्या तुंबल्या, दुरुस्ती झाली नाही आणि कुटुंबे हळूहळू जुन्या चुलीकडे वळली. हेच साधन प्रयोगशाळेत उत्तम चालत होते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

नळी इतक्या लवकर निकामी का होते, हे समजण्यासाठी तिचे कार्य पाहिले पाहिजे. तापलेला धूर बाहेरच्या हवेपेक्षा हलका असल्याने वर चढतो आणि मागून हवा ओढून घेतो. ही ओढ नळीची उंची आणि धुराचे तापमान यांवर अवलंबून असते. तीन मीटर उंचीच्या घरगुती धुराड्यात ती पाण्याच्या जेमतेम एक मिलिमीटर उंचीच्या दाबाएवढी असते. इतक्या क्षीण ओढीला थोडाही अडथळा पुरतो. १० सेंटिमीटर व्यासाच्या नळीत आतून सर्वत्र एक सेंटिमीटर काजळी बसली, की धुराच्या मार्गाचे क्षेत्रफळ एक तृतीयांशाहून अधिक घटते. ओली लाकडे जाळल्यास काजळीबरोबर चिकट डांबरासारखा थर साचतो व तो झाडूने निघत नाही. काटकोनातील वळण, छपराच्या आढ्यापेक्षा खाली राहिलेले टोक, गळून पडलेली टोपी किंवा चुलीच्या वैलावर भांडे न ठेवता सोडलेली उघडी जागा, यांपैकी एकही कारण धूर घरात परतण्यास पुरेसे असते. गृहिणीला यातील पदार्थविज्ञान ठाऊक नसले, तरी धूर परतू लागला की ती चूल मोडून टाकते. तिचा हा निर्णय अडाणीपणाचा म्हणता येत नाही.

विजेचा पंखा हा दुसरा मार्ग होय. तो ओढीवर अवलंबून नसल्यामुळे खात्रीचा वाटतो, पण त्याचेही काही नियम आहेत. उघड्या खिडकीच्या लगत पंखा बसविला, तर तो खिडकीचीच हवा ओढून बाहेर टाकतो व धूर जागच्या जागी राहतो. पंखा छताजवळ आणि हवा येण्याची वाट समोरच्या भिंतीत खाली असली पाहिजे. धुराड्याची चूल असलेल्या खोलीत दारे-खिडक्या बंद ठेवून पंखा लावण्याची चूक तर अनेक जण करतात. पंख्याची ओढ नळीच्या ओढीपेक्षा कितीतरी अधिक असल्याने चुलीचा धूर नळीतून वर जाण्याऐवजी पंख्याकडे, म्हणजे खोलीत खेचला जातो. शिवाय फोडणीची वाफ आणि काजळी मिळून पात्यांवर तेलकट थर बसतो, पंखा जड होतो आणि शेवटी मोटार जळते. वीज नसताना काय करावयाचे, हा प्रश्न वेगळाच.

आता खर्चाचा हिशेब पाहू. येथील किमती केवळ उदाहरणादाखल धरल्या आहेत. त्या गावोगावी बदलतील. समजा, पंखा बसविण्यास १,८०० रुपये लागले. तो ४० वॅटचा असून रोज तीन तास चालला, तर महिन्यास ३.६ युनिट वीज लागते. युनिटला ७ रुपये धरल्यास सुमारे २५ रुपये, म्हणजे वर्षास ३०० व दहा वर्षांत ३,००० रुपये होतात. दोनदा दुरुस्तीचे १,००० रुपये मिळविले, तर एकूण ५,८०० रुपये होतात. खरेदीची किंमत त्यात एक तृतीयांशही नाही. धुराड्याच्या चुलीस प्रारंभी २,५०० रुपये लागले, टोपी, लिंपण व मजुरी यांसाठी वर्षास ३०० रुपये आणि दहा वर्षांत एकदा नळी बदलण्यास ८०० रुपये धरले, तर एकूण ६,३०० रुपये होतात. अनुदान मिळते ते २,५०० रुपयांसाठी. उरलेले ३,८०० रुपये कोणाच्याच अंदाजपत्रकात नसतात. ही रक्कम वर्षाकाठी ४०० रुपयेही होत नाही. तरीसुद्धा ती आधीच डोळ्यांसमोर ठेवली नाही, तर पहिले २,५०० रुपये वाया जातात.

ग्रामपंचायत सदस्यांनी या दृष्टीने एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. चूल किंवा पंखा देण्याच्या प्रस्तावातच गावातील गवंडी, कुंभार किंवा वायरमन यांपैकी एकाचे नाव देखभालीसाठी नोंदवावे आणि त्याला दर भेटीचे पैसे ठरवून द्यावेत. नोंदवहीत ‘बसविल्याची तारीख’ या रकान्याशेजारी ‘शेवटची सफाई’ असा आणखी एक रकाना असावा. लाकूड जाळणारी नळी महिन्या-दोन महिन्यांनी झटकावी लागते. पावसाळ्यापूर्वी टोपी आणि छपराचा सांधा पाहावा. गवताच्या छपरातून नळी नेताना तिच्याभोवती पत्र्याची कड बसविणे अत्यावश्यक आहे, अन्यथा ठिणगीने घर पेटण्याचा धोका असतो. जुनी नळी ॲस्बेस्टॉस सिमेंटची असल्यास ती कोरडी कापू अथवा फोडू नये. तिची धूळ फुप्फुसांना घातक आहे. ती पाण्याने भिजवून अखंड उतरवावी.

शिक्षकांच्या दृष्टीने हा प्रश्न शाळेतील आहाराच्या स्वयंपाकगृहात अगदी जवळ आलेला आहे. जेथे अद्याप लाकूड जळते, तेथे स्वयंपाक करणाऱ्या भगिनी दररोज काही तास त्या खोलीत असतात. प्रस्तुत लेखकाने पाहिलेल्या एका शाळेत धूर बाहेर टाकणारा पंखा भिंतीत व्यवस्थित बसविलेला होता. परंतु उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यात चिमण्यांनी घरटे केले आणि पुढे कोणी बटण दाबलेच नाही. सुट्टी संपण्यापूर्वी वर्गखोल्या उघडून पाहण्याची पद्धत बहुतेक शाळांत आहे. त्याच दिवशी स्वयंपाकगृहाची नळी, जाळी आणि पंखाही पाहता येतो. नळी ठीक आहे की नाही, हे कळण्यास उपकरण लागत नाही. चुलीत मूठभर वाळलेले गवत पेटवावे व बाहेर जाऊन नळीच्या टोकाकडे पाहावे. अर्ध्या मिनिटात तेथून धूर निघू लागला, तर मार्ग मोकळा आहे. तो दाराबाहेर येऊ लागला, तर गवंड्याला त्याच दिवशी बोलवावे.