तपासनिसाची वही

जप्त केलेला मोबाइल प्रयोगशाळेत आला, की चांगला तपासनीस आधी वही उघडतो. पाकिटाचं सील शाबूत होतं का, फोन चालू होता की बंद, काचेला तडा कुठे आहे, फोनचं घड्याळ किती पुढे-मागे आहे, हे सारं तिथल्या तिथे टिपलं जातं. घड्याळाची नोंद फार मोलाची. अनेक उपकरणं वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवतात आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. हा फरक नोंदवला नाही, तर रात्री 2 वाजताचा संदेश आदल्या रात्री 8.30 चा ठरेल!

हार्ड डिस्कची प्रत घेताना मूळ डिस्कवर काही लिहिलं जाऊ नये म्हणून ‘राइट ब्लॉकर’ लावतात. मग मूळ आणि प्रत, दोन्हींचा ‘हॅश’ काढतात. एसएचए-256 पद्धतीत हा 64 चिन्हांचा ठसा असतो. एक बिट बदलला, तरी ठसा पार बदलतो. तो वहीत हवाच; सोबत वापरलेलं सॉफ्टवेअर आणि त्याची आवृत्तीही. काहीच न सापडलेला शोधसुद्धा लिहावा. चूक झाली, तर एका रेघेने खोडून सही आणि तारीख घालावी. पान फाडू नये.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रातही हॅश नमूद करावा लागतो. न्यायालयातली साक्ष अनेकदा काही वर्षांनंतर होते. तोवर आठवण पुसट होते. वेळेवर केलेली नोंद मात्र टिकते.