जोर दंडात नव्हे, पायांत

वजनं उचलली की स्नायू आखडतात आणि स्विंग बिघडतो, असं गोल्फमध्ये अनेक दशकं मानलं जाई. अमेरिकेचा फ्रँक स्ट्रॅनाहन मात्र प्रवासातही व्यायामाची वजनं सोबत नेई. १९४८ आणि १९५० मध्ये त्यानं ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा जिंकली. दक्षिण आफ्रिकेचा गॅरी प्लेअरही याच वाटेनं गेला. उंचीनं बेताचा, पण नावावर नऊ मेजर विजेतेपदं. १९७८ची मास्टर्स त्यानं वयाच्या ४२व्या वर्षी जिंकली, तीही शेवटच्या दिवशी सात फटक्यांची पिछाडी भरून काढत, ६४ची फेरी खेळून. आखडलेल्या शरीराला हे जमणं शक्यच नाही.

फटक्याचा रेटा जमिनीपासून सुरू होतो. पायांतून तो नितंबांत, तिथून धडात आणि शेवटी हातांतून क्लबपर्यंत पोचतो. म्हणून स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि मेडिसिन बॉल अंग वळवून फेकण्याचा सराव दंड फुगवण्यापेक्षा कितीतरी मोलाचा. खुब्याचे सांधे आणि पाठीचा वरचा भाग नीट वळत नसेल, तर सगळा पीळ कमरेच्या मणक्यांवर येतो. कंबरदुखी हे गोल्फरांचं नेहमीचं दुखणं आहे, त्यामुळे नवख्यानं आधी सांधे मोकळे करावेत आणि वजन त्यानंतरच, हळूहळू वाढवावं.