दाब उतरला की पंप का जळतो?

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत विजेचा दाब उतरला, की विहिरीवरील पंप जळण्याची भीती असते. दाब कमी झाला तर प्रवाहही कमी व्हायला हवा. मग मोटर जळते कशी?

प्रथम विजेची शेगडी पाहू. २३० व्होल्ट दाबाला तिच्यातून ५ अँपिअर प्रवाह जातो. रोध = दाब ÷ प्रवाह = ४६ ओहम. शक्ती = दाब × प्रवाह = ११५० वॉट. दाब १८४ व्होल्टवर आला, तरी रोध जवळजवळ तोच राहतो. म्हणून प्रवाह ४ अँपिअर आणि शक्ती ७३६ वॉट होते. शेगडी कमी तापते, इतकेच.

मोटरीचे तसे नाही. पाणी उपसण्याचे काम जवळजवळ तेवढेच असते. म्हणून दाब चार-पंचमांश होताच ती सुमारे सव्वापट प्रवाह ओढते. गुंडाळीतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते : १.२५ × १.२५, म्हणजे दीडपटीहून अधिक! तारेवरचे वेष्टन करपते आणि मोटर जळते.

फिरत्या मोटरीत उलट दिशेचा दाबही निर्माण होतो. तेव्हा तिच्या गुंडाळीचा रोध वरील सूत्राने काढू नये. स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले प्रवाह वाढताच मोटर बंद करतो. तो कधीही काढून टाकू नये.