उच्च प्राथमिक स्तरावरील विज्ञानाचे दूरस्थ अध्यापन : वसई-विरार परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

इयत्ता सहावी ते आठवी हा विज्ञानशिक्षणातील संक्रमणाचा टप्पा होय. परिसर अभ्यास मागे पडून ‘सामान्य विज्ञान’ हा स्वतंत्र विषय याच टप्प्यावर विद्यार्थ्याच्या हाती येतो. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील ‘करून पहा’ या चौकटी हा त्या विषयाचा गाभा आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा पुस्तक व फळा पडद्यावर आणता आला. ‘करून पहा’चे मात्र बहुधा नुसते ‘पहा’ झाले. हा प्रश्न महासाथीपुरता मर्यादित नाही. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसर जलमय झाला होता, आणि अतिवृष्टीमुळे शाळा बंद राहण्याचे प्रसंग आजही येतात. अशा काळात विज्ञान कसे शिकवावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पूर्वानुभव

दूरस्थ माध्यमाचा वापर भारताला नवा नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात ‘साइट’ या उपग्रह प्रयोगाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत दूरदर्शन कार्यक्रम पोहोचविण्यात आले. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका प्रसारित झाली. घरातील साध्या वस्तूंतून कृती सुचविणे हे तिचे वैशिष्ट्य होते. तथापि प्रसारण मूलतः एकमार्गी असते. कृती सुचविता येते. ती झाली की नाही, चुकली असल्यास कोठे चुकली, हे पडद्याला कळत नाही.

मर्यादांचे स्वरूप

केंद्र शासनाच्या जुलै २०२० च्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांनी आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोनच सत्रे सुचविली होती. त्यात सर्व विषय बसवावयाचे म्हटल्यास विज्ञानाच्या वाट्याला फार थोडा वेळ येतो. घरात एकच स्मार्टफोन असेल, तर तोही कमावत्या व्यक्तीबरोबर बाहेर जातो. याहून सूक्ष्म अडचण अशी की, ध्वनिचित्रफितीतील प्रयोग नेहमीच यशस्वी होतो. त्यामुळे अंदाज बांधणे, तो चुकणे आणि कारण शोधणे ही विज्ञानाची खरी प्रक्रियाच वगळली जाते. म्हणून पडद्यावरील वेळ प्रश्न मांडण्यासाठी व निष्कर्षांच्या चर्चेसाठी राखावा आणि प्रयोग पडद्याबाहेर व्हावा, हे तत्त्व स्वीकारणे इष्ट ठरते.

परिसर हीच प्रयोगशाळा

या दृष्टीने वसई-विरार परिसर समृद्ध आहे. मिठागरांतून बाष्पीभवन व स्फटिकीकरण, सुकेळी व सुक्या मासळीतून निर्जलीकरण आणि अन्नसंरक्षण, तर बावखलातून गोड्या पाण्याची परिसंस्था शिकविता येते. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे मचूळ पाणी व नळाचे पाणी यांत साबणाचा फेस किती येतो, याची तुलना घरोघरी शक्य आहे. जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क लिंबाच्या रसात गडद गुलाबी व खाण्याच्या सोड्याच्या द्रावणात हिरवट होतो. हळद मात्र आम्लात बदलत नाही, आम्लारीत तांबूस होते. दोन्ही दर्शकांनी भिन्न उत्तरे का दिली, हाच पाठाचा प्रश्न.

काही प्रयोगांत तर अंतर हा अडसर न राहता साधन बनते. मोकळ्या जागी उभी काठी रोवून दर पाच मिनिटांनी सावली मोजल्यास ती दुपारी बरोबर बाराला सर्वांत लहान होत नाही, असे विद्यार्थ्यास आढळेल. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर आधारित असून वसई सुमारे ७२.८ अंशांवर आहे. एका अंशास ४ मिनिटे याप्रमाणे सुमारे ३९ मिनिटांचा फरक पडतो. ऋतूनुसार त्यात पाऊण तासापलीकडे वा अर्ध्या तासाखाली बदल होतो. त्याच दिवशी नागपूरच्या विद्यार्थ्याने मोजणी केल्यास त्याची मध्यान्ह सुमारे २५ मिनिटे आधी येईल. एका वर्गखोलीत हा शोध लागणे शक्य नाही. दूर असलेल्या दोघांना तो साध्या संदेशाद्वारे लागू शकतो.

मूल्यमापन व दक्षता

अशा अध्यापनात वहीतील नोंद हाच मूल्यमापनाचा पाया असावा : आधी अंदाज, मग निरीक्षण, शेवटी कारण. चुकलेल्या अंदाजास गुण कापू नयेत. पुसून दुरुस्त केलेल्या नोंदीपेक्षा प्रामाणिक चूक मोलाची मानावी. वहीच्या पानाचे छायाचित्र सायंकाळी पाठविता आले, तर एका फोनवरही काम भागते. तेही शक्य नसल्यास वही आठवड्यातून एकदा शिक्षकांपर्यंत पोहोचावी. शिक्षक समोर नसल्याने सुरक्षितता निर्णायक ठरते. शौचालय स्वच्छतेचे आम्ल, चुनकळी व ज्योत यांचे प्रयोग घरी सांगूच नयेत. समुद्र, विहीर वा बावखल येथील निरीक्षण पालकांच्या सोबतीनेच व्हावे.

समारोप

दूरस्थ माध्यम प्रयोगशाळेची जागा घेऊ शकत नाही; परंतु प्रयोगशाळा नसणे म्हणजे प्रयोग नसणे नव्हे. अध्यापक महाविद्यालयांनी व महाविद्यालयीन विज्ञान विभागांनी आपापल्या परिसरातील साहित्यावर आधारित प्रयोगपत्रिका सिद्ध करून शाळांना दिल्यास पुढील खंडाच्या वेळी शिक्षक एकाकी पडणार नाहीत. सहावी-सातवीत ज्याने स्वतः काही करून पाहिले नाही, असा विद्यार्थी पुढे विज्ञान शाखेत येतो तेव्हा ती उणीव महाविद्यालयाच्याच प्रयोगशाळेत उघडी पडते. म्हणूनच हा प्रश्न केवळ शाळेचा राहत नाही.